तारीख नसलेला अशील

वकिलांनी आयुष्यभर काय केलं असं कुणाला विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: तारखा घेतल्या. त्यात खोटं काही नाही. मीही घेतल्या. साक्षीदार आला नाही म्हणून घेतल्या, समोरचा वकील आजारी म्हणून घेतल्या, आणि एकदा तर मेव्हण्याच्या लग्नाला जायचं म्हणून पोटदुखीचं सोंग करून घेतली. नगरच्या कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसलेली माणसं आम्हाला मनातल्या मनात शिव्या घालत, पुढची तारीख विचारत आणि एसटी गाठत. संपादकांनी या अंकासाठी वकिलीतल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या, तेव्हा अशा पुष्कळ गोष्टी आठवल्या. पण लिहायला बसलो की रखमाजी मुकादमच पुढे येऊन उभा राहतो. माझ्या सगळ्या अशिलांत हा एकटाच असा, की ज्याने माझ्याकडे स्वतःहून तारीख मागितली आणि मला ती देता आली नाही. तेव्हा गमतीजमती संपादकांनी दुसऱ्या कुणाकडून लिहवून घ्याव्यात.

रखमाजी पाथर्डीच्या पलीकडच्या कोरड्या टापूतला. दिवाळी झाली की ऊसतोडीची टोळी घेऊन साखर कारखान्याकडे निघायचा. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. टोळी म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्यांचा जथा. एका जोडीला 'एक कोयता' म्हणतात. नवऱ्याने तोडायचं, बायकोने मोळ्या बांधायच्या. मुकादम हा त्या सगळ्यांचा म्होरक्या. टोळीतल्या कुणाचं काही चुकलं, की कारखान्याचा माणूस मुकादमाला धरणार आणि मुकादम "माझ्याकडून झालं" म्हणणार. टोळीतल्या माणसाचं नाव बाहेरच्यापुढे घ्यायचं नाही, हा त्यांचा रिवाज. मग पालांवर परतल्यावर मुकादम त्या माणसाची सालटी काढील, ते वेगळं.

या रिवाजाशी माझी पहिली गाठ पडली ती एका फौजदारी खटल्यात. कारखान्याच्या वजनकाट्यापाशी उसाची गाडी मागे सरकली आणि रखवालदाराचा पाय मोडला. गाडी निष्काळजीपणे हाकली म्हणून आरोपी कोण, तर रखमाजी. तो पोलिसांकडे आपण होऊन गेला होता. मॅजिस्ट्रेटने "गुन्हा कबूल आहे का?" विचारलं तेव्हा "व्हय" म्हणायला त्याने तोंड उघडलंच होतं, त्याच्या आधी मी "नाकबूल" म्हणून मोकळा झालो. ही आम्हा वकिलांची सवय, त्यात माझी हुशारी काही नव्हती. गाडी त्यानेच हाकली असं मीही धरून चाललो होतो. पुढे रखवालदार साक्षीला आला. मी सहज विचारलं, "गाडी हाकणाऱ्याला तुम्ही पाहिलं?" तो म्हणाला, "पाह्यलं की. बाई हुती." मॅजिस्ट्रेटने मान वर करून रखमाजीच्या गालभर मिशांकडे पाहिलं. सगळं कोर्ट हसलं. रखमाजी मात्र हसला नाही. "मग तुम्ही कशाला उभे राहिलात?" असं मॅजिस्ट्रेटने विचारल्यावर तो म्हणाला, "टोळी माजी हाय सायेब." निर्दोष सुटला आणि बाहेर आल्यावर माझ्यावरच रुसला. त्या बाईचा आता शोध होईल अशी त्याला भीती होती. तसं काही झालं नाही.

ही हकीकत मी नव्या वकिलांना पुष्कळदा सांगितली. लोकांना वाटतं, आरोप वाचून दाखवणं, साक्षीदार, उलटतपासणी, शेवटी आरोपीला "तुला काही सांगायचं आहे का?" असं विचारणं, हा सगळा वेळकाढूपणा आहे. पण हा वेळकाढूपणा माणसाला पोलिसांपासून वाचवतो, आणि कधीकधी त्याच्या स्वतःच्या तोंडापासूनही वाचवतो. हे मला रखमाजीने शिकवलं. आणि ते काढून घेतलं तर काय होतं, तेही त्याच्यावरूनच कळलं.

पुढे बहात्तर-त्र्याहत्तरचा दुष्काळ पडला. त्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्याचा पूर्वेचा भाग नुसता खडी फोडत होता. रखमाजीची टोळीही एका रस्त्याच्या कामावर होती आणि तिथेही तोच मुकादम. एके दिवशी सकाळी त्याची बायको काशीबाई माझ्या कचेरीत आली. सोबत टोळीतली एक तरणी बाई होती. तिला मी सगुणा म्हणतो. तिचं खरं नाव लिहिण्याची माझी आजही छाती नाही, मुकादम रागावेल.

काशीबाई म्हणाली, "दादा, ह्यांला नेलं. कुठं नेलं ते सांगंनात."

"कशासाठी नेलं?"

काशीबाईने सगुणाकडे पाहिलं. सगुणा खाली बघूनच बोलली. "कामावर टँकर आला न्हवता. आदल्या दिशीबी न्हाई. मुकादम पान्यासाठीच तहसिलीत गेल्ते. दुपारच्याला माजी सासू खडीवर पडली. तवाच टँकर रस्त्यानं पुढं निगाला हुता, पुढल्या कामाचा. म्या आडवी झाले रस्त्यात. मंग समद्या बाया आल्या. घागरी भरून घेतल्या."

"आणि सासू?"

"तिला गिळंना पानी. गेली ती."

मग तीच म्हणाली, "दादा, म्या जाते ठान्यात. माजं नाव लिवा म्हनते, अन् त्यांला सोडा."

"मुकादमाला इचारल्याबिगर न्हाई," काशीबाई म्हणाली. नवऱ्याला कुठे नेलंय हे ठाऊक नसताना ती हे म्हणाली. वकील म्हणून मीही सगुणाला जाऊ दिलं नसतं. पण मी नुसता वकील होतो, आणि काशीबाईचं घर बुडत होतं.

मला वाटलं, साधी केस आहे. बेकायदा जमाव, फार तर पाण्याची चोरी. जामिनाचा अर्ज मनात तयार करतच मी ठाण्यावर गेलो. तिथले फौजदार माझ्या ओळखीचे, सभ्य गृहस्थ. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, जामीन कशाचा मागता? केसच नाही."

"मग सोडा त्याला."

"केस केली असती तर तुम्ही दोन दिवसांत त्याला बाहेर काढलं असतं. म्हणून तर केस केली नाही. मिसाखाली स्थानबद्ध केलंय."

मिसा हे नाव पुढे आणीबाणीत घरोघरी पोचलं. पण हा कायदा त्याच्या काही वर्षं आधीपासून होता, आणि आमच्यासारख्या तालुक्या-जिल्ह्याच्या वकिलांनी त्याची चव आधीच घेतली होती. थोडक्यात सांगतो. तुम्ही गुन्हा केला म्हणून तुम्हाला धरायचं नाही. पुढे काही तरी कराल असं अधिकाऱ्याला वाटतं, म्हणून धरायचं. घडलेली गोष्ट खोटी पाडता येते, पण न घडलेली गोष्ट खोटी कशी पाडायची? तिथे साक्षीदार नाही, उलटतपासणी नाही, जामीन नाही. आणि किती दिवस? वर्षभर, किंवा युद्धाच्या वेळी केलेला दुसरा एक कायदा संपेपर्यंत, यांपैकी जे उशिरा येईल ते. युद्ध केव्हाच संपलं होतं. कायदा संपत नव्हता.

रखमाजीला जिल्ह्याबाहेरच्या तुरुंगात ठेवलं होतं. भेटीला परवानगी मिळाली, पण शेजारी अधिकारी बसून. कारणांचा कागद त्याला दिला होता. त्यात लिहिलं होतं, की सदर इसम समाजास आवश्यक असलेल्या पुरवठ्यास व सेवांस बाधा येईल अशा रीतीने वागत असून, त्याच्या चिथावणीने जमावाने पाण्याचा टँकर अडवला. मी वाचून दाखवलं. रखमाजीने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्ये कुनाबद्दल हाय?"

"तुमच्याबद्दल."

"बरं," तो म्हणाला. मग म्हणाला, "वकीलसाहेब, माजी तारीख कंची?"

"अजून तारीख नाही, रखमाजी."

"हितं समद्यांला तारीख हाय. माज्या बराकीशेजारी एक खुनी हाय, त्यालाबी हाय. कोर्टाची न्हाई तर सुटायची हाय. मला इचारत्यात, मुकादम, तुमची कंधी? म्या काय सांगू?"

मी विषय बदलला. दुसरं काय करणार? या कायद्यात एकच खिडकी होती: सल्लागार मंडळ. तीन जाणती, कायदा कळणारी माणसं स्थानबद्धाचं म्हणणं ऐकणार आणि त्याला आत ठेवायला पुरेसं कारण आहे की नाही ते सरकारला सांगणार. पण त्या खिडकीपाशी वकिलाने जायचं नाही, असं कायद्यातच लिहिलेलं. ज्याने कधी कारखान्याच्या कारकुनाशी हुज्जत घातली असेल तेवढीच, त्या माणसाने स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी एकट्याने बोलायचं.

म्हणून मी त्याला पढवायला गेलो होतो. माझ्या हातात पान तर हुकमाचं होतं. टँकर अडवला तेव्हा रखमाजी तिथे नव्हताच, तहसील कचेरीत होता. तिथल्या शिपायाने त्याला माठातलं पाणी पाजलं होतं आणि ते त्या शिपायाच्या लक्षात होतं. हे सगळं मी लेखी निवेदनात घातलं. रखमाजीला म्हणालो, "तुम्ही एवढंच सांगायचं. त्या दिवशी मी तहसिलीत होतो. बाकी एक शब्द नाही."

"व्हय."

"म्हणून दाखवा बघू."

"त्या दिशी म्या तहसिलीत हुतो."

"खरं आहे ना हे?"

"खरंच हाय की."

मला सगुणाचं विचारायचं होतं, तिची सासू गेली तेही सांगायचं होतं, पण तो अधिकारी कान देऊन बसला होता. रखमाजीनेही माझ्याकडे असं पाहिलं, की मी तोंड मिटलं. उठताना त्याने फक्त "टोळी समदी ठीक?" एवढं विचारलं. मी ठीक म्हणालो.

मंडळ तुरुंगाच्या कचेरीतच बसलं. मी बाहेर चिंचेखाली. कोर्टाबाहेर असा मी आयुष्यात कधी बसलो नव्हतो. आत माझा अशील आणि मी बाहेर, बिनकामाचा. रखमाजी बाहेर आला तो शिपायांच्या मधून. क्षणभर बोलू दिलं त्यांनी.

"सांगितलं का तहसिलीचं?"

"सांगितलं. लई चांगली मान्सं हायती. बसाया खुर्ची दिली. म्या बसलो न्हाई."

"मग काय विचारलं?"

"इचारलं, तुमी न्हवता तर मंग टँकर कुनी आडवला?"

मी विचारलं, "आणि तुम्ही?"

"म्या म्हनलो, माज्या टोळीनं. टोळीनं केलं म्हंजी म्याच केलं. लिवा म्हनलो."

हा माणूस एकदा असंच करून आत जाता जाता वाचला होता, तेव्हा रखवालदार साक्षीला होता, मॅजिस्ट्रेटला प्रश्न विचारता आला होता, मला 'नाकबूल' म्हणता आलं होतं. इथे त्याचं वाक्य लिहून घेतलं आणि दार लागलं. त्या तिघांना मी वाईट म्हणत नाही. त्यांच्यापुढे जे आलं त्यावरून त्यांनी मत दिलं. पण त्या चिंचेखाली मला असा काही संताप आला, की अंगावरचा काळा कोट काढून तिथेच फेकून द्यावासा वाटला. त्याचा तिथे उपयोगच नव्हता. रखमाजी मात्र शांत होता. जाताना म्हणाला, "आता तारीख मिळंल ना?"

मंडळाने पुरेसं कारण आहे असं कळवलं.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. खडीची कामं बंद पडली, टँकरही गेले. ज्या पाणीपुरवठ्याला रखमाजीपासून धोका होता, तो पुरवठाच आता कुठे उरला नव्हता. माणूस मात्र आतच. मी तसं सरकारला लिहिलं. उत्तर आलं, की आपला अर्ज विचाराधीन आहे.

दिवाळीच्या सुमाराला काशीबाई पुन्हा आली. गावात टोळ्या निघायच्या होत्या. ती उंबऱ्यातच बसली.

"दादा, जाऊ का थांबू?"

"म्हणजे?"

"भाऊ म्हनतो माज्यासंगं चल, अर्धा कोयता म्हनून. गेले अन् ह्ये सुटून आले, तर घराला कुलूप बघत्याल. थांबले अन् न्हाई सुटले, तर खावं काय? तुमी नुसतं सांगा, कंधी. लई दिस आसलं तरी चालंल. दहा वर्सं म्हना. म्या तसं बघीन."

खुनाची शिक्षा झालेल्या माणसांच्या बायकांना मी तारखा सांगितल्या आहेत. त्या रडतात, डोळे पुसतात आणि हिशेबाला लागतात, की तोवर पोरगी केवढी होईल, म्हशीचं काय करायचं. काशीबाईला रडायलाही हाती काही ठाम नव्हतं. मी म्हणालो, "मला माहीत नाही, बाई." ती म्हणाली, "मंग म्हाइती कुनाला हाय?" मी विचार करून खरं तेच सांगितलं, की बहुधा कुणालाच नाही. ती उठून गेली. भावाबरोबर गेली की थांबली, ते मी विचारलं नाही. नंतर कळलं, की ती थांबली.

मुंबईच्या एका ज्येष्ठ वकिलांना गाठून आम्ही हायकोर्टात अर्ज घातला. या माणसाला आमच्यापुढे आणा आणि कशासाठी डांबलंय ते सांगा, असं कोर्टाने सरकारला फर्मावावं, असा तो अर्ज असतो. कारणं मोघम आहेत, निवेदनाकडे वेळेत लक्ष दिलेलं नाही, असे मुद्दे आमच्याकडे चांगले होते. आता कुठे एक न्यायाधीश हे प्रकरण ऐकणार, म्हणून मी रात्रंदिवस खपून कागद तयार केले. सुनावणी तोंडावर आली आणि सरकारने हुकूम मागे घेतला. कारण दिलं नाही. द्यावं लागतही नाही. माणूस सुटला, तेव्हा अर्जात काही उरलं नाही, म्हणून तोही निकाली निघाला. ज्येष्ठ वकील मला म्हणाले, "अभिनंदन." मी आभार मानले.

रखमाजी सुटल्यावर काशीबाईला घेऊन नगरला आला. मिशा पार पांढऱ्या झाल्या होत्या. मी पेढे मागवले. त्याने एक घेतला, हातातच धरला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, आता केस लावा."

"कसली केस?"

"माजी. टँकरची."

"रखमाजी, तुम्ही सुटलात. केस कधी नव्हतीच."

"मंग सुटलो कशातनं?"

मी पेढ्यांचा पुडा बाजूला सारला. तो म्हणाला, "गावात इचारत्यात, कोर्टात काय झालं? म्या म्हनतो, कोर्टच न्हाई झालं. मंग हसत्यात. म्हनत्यात, काय तरी लिवून दिलं आसंल, पाय धरलं आसत्याल. त्या मागल्या बारीला निकाल लागला हुता, निर्दोष म्हनून. समद्यांनी आयकला. तसा एक निकाल द्या मला. न्हाई निर्दोष तर दोषी द्या. पर द्या."

मी त्याला पुन्हा सगळं समजावलं. त्याने मान डोलावली, आणि पुढच्या आठवड्यात परत आला. मग अधूनमधून येतच राहिला. माझ्याकडे यायचा नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात बसायचा. पट्टेवाला दारात येऊन आरोपींच्या नावाचा पुकारा करायचा, तेव्हा हा मान वर करायचा. एकदा आत बसून त्याने एका सायकलचोराचा खटला पाहिला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "जज सायेबांनी त्या चोराला इचारलं, तुला काय सांगायचं हाय का? म्या सोता आयकलं. मला त्या तिघांनी कुनी आडवला ते इचारलं. का आडवला, ते न्हाई इचारलं. तुरुंगात म्या रोज मनात तयारी करत हुतो. समदं पाठ हाय."

मी म्हणालो, "मला सांगा."

"तुमाला सांगून काय? तुमी आपल्यातले."

"तरी सांगा."

त्याने आजूबाजूला पाहिलं. दुपारची सुट्टी होती, व्हरांडा निम्मा रिकामा होता. तो उठून उभा राहिला. मी बसा म्हणालो, पण बसला नाही. "शपथ घ्यावी लागंल का?" असं त्याने विचारलं. मी म्हणालो, घ्या. त्याने कोर्टाच्या बंद दाराकडे तोंड करून हात जोडले. येणारे-जाणारे थांबून पाहू लागले. मला लाज वाटली नाही.

रखमाजीला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, त्याच्यामागे काशीबाईही गेली. त्याचा हा जबाब कुठल्याही कोर्टाने ऐकला नाही. निदान या अंकाच्या वाचकांनी तो ऐकावा, म्हणून जसा आठवतो तसा देतो.

"माजं नाव रखमाजी. धंदा मुकादमकी. खरं सांगन. त्या दिशी म्या तहसिलीत हुतो, पानी मागाया. थितं मला पानी पाजलं. म्या प्यालो. तवा माज्या टोळीतली एक म्हातारी खडीवर पडली हुती. टोळीतल्या एकीनं टँकर आडवला. तिचं नाव म्या सांगनार न्हाई. म्या थितं आसतो तर म्याच आडवा झालो आसतो, मंग म्या न्हाई कसं म्हनू? त्यो टँकर पुढल्या कामाचा हुता. थितंबी मान्संच हुती. आमी पानी घेतलं अन् ती तहानली राह्यली. त्यो गुन्हा हाय. त्यो मला कबूल हाय. त्याची काय आसंल ती शिक्षा द्या सायेब. पर मोजून द्या."